नववीची पोरं पाचवीला शिकवतात तेव्हा: चोपडा तालुक्यातल्या एका हायस्कूलचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक अनुदानित हायस्कूल आहे, पाचवी ते दहावी, मी तिथे विज्ञान शिकवते. आमच्याकडे गणिताचे एक सर होते, मागच्या वर्षी ५८ पूर्ण झाले आणि रिटायर झाले, सगळं गाव त्यांना अप्पासर म्हणतं म्हणून इथे मी पण तेच लिहिते. त्यांच्या हाताखालून गेलेली काही पोरं आज शिक्षक आहेत, काही त्या वाटेवर आहेत, आणि हे अशा काळात झालं जेव्हा घरात शिक्षक व्हायचं नाव काढलं तरी घरचे कपाळावर हात मारून घ्यायचे. हे कसं झालं, कुठे अडलं, कोण मधेच सुटलं हे एकदा नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. पोरांची आणि शाळेची नावं मुद्दाम देत नाहीये, पोरं अजून नोकरीच्या रांगेत आहेत, काहींच्या घरच्या गोष्टी आहेत त्यात.

तेव्हा काय चाललं होतं

गोष्ट २०१४ च्या आसपासची. व्यवसाय मार्गदर्शनाच्या तासाला नववीच्या पोरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं की पुढे काय व्हायचंय. पोलीस भरती, आर्मी, नर्सिंग, आयटीआय, एकाने तर नुसतं 'जेसीबी' लिहिलं होतं. शिक्षक एकानेही नाही. अप्पासर तो गठ्ठा घेऊन स्टाफरूममधे बसले, सगळा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सरळ विचारलं, शिक्षक कोणालाच का व्हायचं नाहीये? सुरुवातीला कोणी बोलेना, मग मागच्या बाकावरचा एक जण उठला, "सर, मन्हा काका डी.एड. शे, मेडिकलवर काम करस."

त्या पोराने बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. त्याच्या आधीच्या आठ-दहा वर्षात आमच्याकडे डी.एड.ची, म्हणजे शिक्षक पदविकेची, लाट होती, बारावी झाली की डी.एड., घरात पैसा नसला तर बिघाभर जमीन काढा, दागिने मोडा, पण पोराला डी.एड.ला टाका, कारण दोन वर्षात झेडपीची नोकरी हे लोकांनी डोळ्याने बघितलेलं. मग २०१० ची सीईटी, म्हणजे शिक्षक भरतीची परीक्षा झाली, आणि २ मे २०१२ ला शासनाने भरतीच थांबवली, आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन आणि मग नवीन माणसं, असं त्यामागचं कारण. मधल्या काळात आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची अट आली होती, महाराष्ट्रातली पहिली टीईटी डिसेंबर २०१३ ला झाली. म्हणजे ज्याचं डी.एड. २०११ ला पूर्ण झालं त्याच्यासमोर आधी बंद दरवाजा, मग एक नवी परीक्षा, आणि ती पास झाला तरी भरती नाहीच. डी.एड. कॉलेजं पोरांअभावी एकामागून एक बंद पडली. गावागावात 'डी.एड. झालेला' म्हटलं की दुकानात बसलेला, पतपेढीत डेली कलेक्शन करणारा, केळीच्या गाड्या भरणारा एखादा माणूस डोळ्यासमोर यायचा. अशा माणसाच्या पुतण्याला शिक्षकी पेशा किती पवित्र आहे यावर भाषण देऊन काय होणार होतं? अप्पासरांनी ते भाषण दिलंच नाही. माझ्या मते पुढचं जे काही जमलं त्याची सुरुवात इथून आहे.

५ सप्टेंबर आणि नंतरचे दिवस

स्वयंशासन दिन सगळ्या शाळांमधे असतो. दहावी-नववीच्या पोरी साड्या नेसून येतात, पोरं इन करून येतात, कोणी मुख्याध्यापक होतं, कोणी शिपाई मामा, वीस-वीस मिनिटांचे पाठ होतात, मग नाश्ता, फोटो, मनोगतं, संपला दिवस. त्या वर्षी नववीच्या एका पोरीने पाचवीवर मराठीचा पाठ घेतला होता. ती पाड्यावरची, पावरा समाजातली, वर्गात फार बोलणारी नाही. दिवस संपल्यावर ती अप्पासरांकडे आली आणि म्हणाली, सर, मी फळ्यावर लिहिलं ते निम्म्या पोरांना वाचताच येत नाहीये, आणि आमच्या पाड्यावरची पोरं तर काहीच बोलत नाहीत, त्यांना मी काय विचारते तेच समजत नाहीये, मी उद्या परत येऊ का त्यांच्याकडे?

सरांनी तिला हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या. मग सरांनी मुख्याध्यापकांशी बोलून बुधवार आणि शनिवार, आठवड्यातल्या दोन शेवटच्या तासिका मागून घेतल्या. एवढंच. ना योजनेचं नाव, ना बॅनर, ना उद्घाटन. नववीचा एक जण आणि पाचवीची चार-पाच पोरं, व्हरांड्यात, चिंचेखाली, लॅबच्या पायरीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं.

नियम थोडेच होते पण सर त्याबाबतीत कडक. पहिला नियम असा की पोराला काय येतं हे कळल्याशिवाय शिकवायला सुरुवात करायची नाही. त्यासाठी त्यांनी असर अहवालवाले (गावोगाव पोरांचं वाचन-गणित तपासणारे) वापरतात तशीच पद्धत घेतली, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यातलं कुठपर्यंत वाचता येतं ते बघायचं, आणि गणितात वजाबाकी, भागाकार कुठपर्यंत. दुसरा नियम टाचणाचा, म्हणजे तासाला काय करणार ते आधी लिहून काढायचा. आपल्याला बी.एड.ला जे लांबलचक टाचण काढायला लावतात ते नाही, अर्ध्या पानाचं. आज पोराला काय येतं, मी काय करणार, आणि तास झाल्यावर खाली, प्रत्यक्षात काय झालं. तिसरं म्हणजे हात उचलायचा नाही, 'ढ' म्हणायचं नाही. आरटीईच्या कलम १७ प्रमाणे शिक्षकालाही मारता येत नाही हे त्यांनी पोरांना वाचून दाखवलं, पोरांना ते ऐकून आश्चर्यच वाटलं होतं.

आणि तो नियम मोडला गेला, महिनाभरातच. ज्याचा काका मेडिकलवर होता तोच पोरगा. आता त्या भागाकाराची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

गणित होतं ७४२ भागिले ७. पाचवीच्या पोराचं उत्तर १६. ह्याने समजावलं, परत १६. अजून मोठ्या आवाजात समजावलं, परत १६. तिसऱ्यांदा १६ आल्यावर ह्याने टपली मारली. सर चिंचेखालीच उभे होते. ते आले, ओरडले नाहीत, म्हणाले बाजूला बस, आता तू बोलू नको, त्याला सांगू दे त्याने कसं केलं. पाचवीचं पोरगं घाबरलेलं, तरी बोललं, सातात सात एकदा, चारात सात जात नाही म्हणून दोन खाली घेतले, बेचाळीस झाले, सात सक बेचाळीस, म्हणून एक आणि सहा, सोळा. सर नववीवाल्याला म्हणाले, यात त्याचं काय चुकलं ते सांग. आणि त्याला सांगता येईना! कारण पोराची प्रत्येक पायरी बरोबर होती, फक्त 'चारात सात जात नाही' म्हटल्यावर तिथे शून्य लिहायचं राहिलं होतं, आणि ते शून्य का लिहायचं हे नववीवाल्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्याला पाठ होतं फक्त.

सरांनी त्याला घरी पाठवलं, उद्या ये आणि मला सांग म्हणाले. कापूस वेचणीचे दिवस होते, सुट्टीच्या दिवशी निम्मी शाळा शेतात असायची, हा पण जायचा आईबरोबर. दुसऱ्या दिवशी तो कागदाच्या नोटा करून घेऊन आला, शंभराच्या सात, दहाच्या चार आणि एक रुपयाचे दोन तुकडे. त्या पाचवीच्या पोराला म्हणाला, सात माणसांनी कापूस वेचला, ७४२ रुपये मिळाले, वाट. पोराने आधी शंभराच्या नोटा वाटल्या, एकेकाला एक. मग दहाच्या चार नोटा हातात घेऊन थांबला, म्हणाला चार नोटा सात जणांना कशा देणार? नाही देता येत ना, मग दहाची नोट एकेकाला किती मिळाली? एक पण नाही. मग लिही तिथे शून्य. आता चार नोटांचे सुट्टे कर, चाळीस, वर दोन, बेचाळीस, वाट. सहा-सहा. झाले १०६. पोरगं नोटांकडे बघत बसलं, मग म्हणालं, "आते समजनं भो."

त्या दिवशीचं त्याचं टाचण मी वाचलंय, सरांनी ती वही अजून ठेवलीये. 'प्रत्यक्षात काय झालं' याच्या खाली त्याने लिहिलंय, "त्याला समजलं. मला पण आजच समजलं." सरांनी खाली लाल पेनाने एवढंच विचारलंय, "आता ८२४ भागिले ८ ला तो काय करेल?" सर असंच करायचे, प्रत्येक टाचणाखाली एक प्रश्न, शाबासकी नाही, शेरा नाही. दर आठवड्याला सगळ्या वह्या घरी न्यायचे, रात्री बसून वाचायचे.

मला विचाराल तर पोरांना शिक्षक व्हावंसं वाटलं ते ह्या वह्यांमुळे. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा रोज सकाळी रनिंग करतो, त्याला त्या नोकरीची चव आधीपासून लागलेली असते, आपण पळू शकतो हे त्याला कळलेलं असतं. शिक्षकी नोकरीची तशी चव दहावीच्या पोराला कुठे मिळते? तो शिक्षकाला फक्त समोरून बघतो, बोलताना, ओरडताना, पेपर तपासताना. एखादं पोर कुठे अडलंय हे शोधून काढण्यात जी मजा आहे ती त्याला दिसतच नाही, ती स्वतः केल्याशिवाय कळत नाही.

पावरी बोलणारी शिक्षिका

त्या पहिल्या पोरीचं आता सांगते. पाचवीत पाड्यावरची जी पोरं होती ती चौथीपर्यंत वस्तीवरच्या शाळेत शिकून आलेली, घरी पावरी, गावात आली की अहिराणी कानावर, पुस्तकात तिसरीच मराठी. आम्ही सगळे म्हणायचो ही पोरं बुजरी आहेत. ती त्यांच्याशी पावरीत बोलायला लागली आणि आठवडाभरात त्या पोरांचा आवाज चिंचेखालून स्टाफरूमपर्यंत येऊ लागला. तिने एक वही केली, एका बाजूला पुस्तकातला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला पावरी शब्द देवनागरीत, आणि जिथे जमेल तिथे चित्र. धडा शिकवायच्या आधी त्यातले दहा-बारा शब्द ती पोरांकडूनच पावरीत काढून घ्यायची.

अप्पासर एकदा स्टाफ मीटिंगमधे म्हणाले, ह्या पोरीला जे येतं ते आपल्या कोणालाच येत नाही, तिच्याकडून शिकायचं असेल तर बुधवारी या. कोणी मनावर घेतलं, कोणी नाही. मी गेले होते, आणि त्यानंतर पाचवीला 'बाष्पीभवन' शिकवताना मी तो शब्द आधी फळ्यावर लिहायचं सोडून दिलं, आधी ओलं फडकं उन्हात, मग पोरं आपापल्या भाषेत काय होतंय ते सांगणार, मग पुस्तकातला शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, आमच्या चिंचेखाली ते त्याच्या आधी पाच-सहा वर्षं चालू होतं आणि ते करणारी पोरगी चौदा वर्षांची होती.

तिच्या वडिलांना मात्र हे पटवायला वेळ लागला. सर पाड्यावर गेले, ओट्यावर बसले, चहा झाला. वडील म्हणाले, अप्पासर, पोरगी हुशार आहे मान्य, पण मास्तरीण व्हायला पैसे लागतात, संस्थेत डोनेशन मागतात, आम्ही कुठून आणणार? सरांनी ते खोटं आहे असं म्हटलं नाही. म्हणाले, दादा, मागतात, काही ठिकाणी मागतात हे मलाही माहितीये, म्हणूनच तिला झेडपीच्या रस्त्याने जाऊ द्या, तिथे मार्कांवर लागते, बारावीनंतर दोन वर्षं डी.एड., टीईटी पास व्हायची, आणि भरती कधी उघडेल ते मी सांगू शकत नाही. वडील म्हणाले, मग तोपर्यंत? सर म्हणाले, तोपर्यंत ती बी.ए. करेल, आश्रमशाळेत, अंगणवाडीत काही निघालं तर फॉर्म भरेल. खरं सांगते, दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नोकरी नक्की लागते, मी आहे ना. सरांनी कोणालाच कधी असं आश्वासन दिलं नाही.

पैशाची गोष्ट उघड

दरवर्षी दिवाळीनंतर एका शनिवारी सर नववी-दहावीच्या ह्या पोरांना फक्त हिशोब सांगायचे. फळ्यावर दोन वाटा, एक पहिली ते आठवीची, दुसरी नववी-दहावीची. एकीत बारावी, डी.एड. म्हणजे आताचं डी.एल.एड., टीईटी. दुसरीत बारावी, तीन वर्षं पदवी, मग बी.एड., जे २०१५ पासून एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं. म्हणजे दहावीपासून मोजले तर सात वर्षं, तेही एकदाही गचका न खाता. टीईटी १५० मार्कांची, पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. आणि २०१७ पासून ह्या सगळ्यावर टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, २०० मार्क, २०० प्रश्न, दोन तास, त्याच्या मार्कांवर शासनाच्या पवित्र या भरती पोर्टलवर नंबर. लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधनावर. हे मानधन प्राथमिकला ६ हजार आणि माध्यमिकला ८ हजार होतं, २०२३ ला ते १६ आणि १८ हजार झालं, तेव्हा सरांनी फळ्यावरचे आकडे बदलले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही हे पण सांगायचे, आणि खाजगीत विनाअनुदानित, वीस टक्के अनुदान, चाळीस टक्के अनुदान म्हणजे काय ते पण.

एका वर्षी त्यांनी त्या मेडिकलवाल्या काकाला बोलावलं. आमच्या स्टाफमधल्या दोघातिघांना हे अजिबात आवडलं नव्हतं, पोरं घाबरतील, आहेत तेवढी पण पळतील असं त्यांचं म्हणणं. काका आला, सुरुवातीला बोलायला तयार नव्हता, मग बोलला ते तासभर. डी.एड.च्या दोन वर्षात सराव पाठ घ्यायला ज्या झेडपी शाळेत जायचो तिथली पोरं अजून बाजारात भेटली की सर म्हणतात, एवढं सांगून तो जरा थांबला. मग म्हणाला, माझी चूक एकच, फक्त डी.एड.वर बसून राहिलो, ग्रॅज्युएशन सोडलं, तुम्ही सोडू नका, आणि हातात दुसरं काम असू द्या, त्यात लाज नाही. त्या दिवसानंतर खरंच तीन-चार पोरं बुधवारी यायची बंद झाली. सर म्हणाले, बरं झालं, आत्ताच कळलं त्यांना, पुढे पैसे घालून कळण्यापेक्षा.

मला सुरुवातीला हे फार कठोर वाटायचं. आता वाटतं की जी पोरं राहिली ती ह्यामुळेच टिकली. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमधे टेट झाली तेव्हा राज्यातून दोन लाखाच्या वर उमेदवार बसले होते आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पहिली यादी लागली ती साधारण ११ हजारांची. हा आकडा बघून आमच्या पोरांपैकी कोणी मोडून पडलं नाही, कारण गर्दी किती आहे हे त्यांना नववीतच माहीत होतं.

अमळनेरचं पण इथेच सांगून टाकते. सर दरवर्षी तापी ओलांडून एक दिवस पोरांना अमळनेरला न्यायचे, प्रताप हायस्कूल बाहेरून का होईना दाखवायचे. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृह पण सांभाळायचे. पोरांना वाटायचं गुरुजींनी आयुष्यभर तिथे शिकवलं असेल. सर म्हणायचे, सहा वर्षं फक्त, पुढे १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, पण ह्या सहा वर्षांची आठवण खान्देश अजून काढतो. यावर ते जास्त बोलायचे नाहीत, पोरांना तिथून बाजारात सोडायचे आणि पोरं शेव-भाजी खाऊन यायची.

कोण कुठे गेलं

पावरा पोरगी बारावीनंतर डी.एल.एड.ला गेली, टीईटी दुसऱ्या प्रयत्नात निघाली, टेट दिली, आणि २०२४ ला नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या एका झेडपी शाळेवर शिक्षण सेवक म्हणून रुजू झाली. तिच्या वर्गातली पोरं तिचीच भाषा बोलतात. ती वहीची दोन पानं व्हॉट्सॲपवर पाठवते कधी कधी, तोच जुना मराठी-पावरी शब्दांचा प्रकार, आता त्यात पोरांनी काढलेली चित्रं.

भागाकारवाला शिक्षक झाला नाही. आयटीआय केलं, चाकणला कंपनीत आहे. पण त्याच्यामागे त्याची धाकटी बहीण आली, ती बी.एस्सी. करून बी.एड. झाली, बहिणाबाई चौधरी विद्यापीठाची डिग्री, आणि इंटर्नशिपला ती आमच्याच शाळेत आली होती. आता एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर आहे, पगार सांगण्यासारखा नाही, टेट परत दिलीये.

एकीचं डी.एल.एड. पहिल्या वर्षालाच सुटलं, आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) लग्न लावून दिलं. तिच्या वडिलांचं म्हणणं होतं की शिकून नोकरी लागेपर्यंत ती तेवीसची होईल, मग स्थळं येत नाहीत. सर तिच्या घरी पण गेले होते, उपयोग झाला नाही. मला ह्या बाबतीत आजही वाटतं की हे काम एकट्या सरांचं नव्हतं, आम्ही बायका स्टाफमधे होतो, तिच्या आईशी आम्ही बोलायला पाहिजे होतं आणि त्यानंतर आम्ही तसं करायला लागलो. आता पालक सभेला मुलींच्या आयांना वेगळं बसवून फी माफीचं सांगतो, २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅप राउंडने (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, हे अर्ध्या घरांना माहीतच नसतं. आयांना हिशोब पटकन कळतो, आणि घरी जाऊन त्याच भांडतात.

अजून एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ज्या पाचवीच्या पोरांना चिंचेखाली शिकवलं गेलं तीच चार वर्षांनी नववीत आली आणि शिकवायला बसली, आणि त्यांना पहिला नियम समजावून सांगावा लागला नाही. आपल्याला कोणीतरी विचारलं होतं की तू हे कसं केलंस, हे त्यांना आठवत होतं. १०६ वाला पोरगा पण त्यातच, तो आता डी.एल.एड.ला आहे.

सर गेल्यावर

प्रकरणाची कच्ची बाजू इथे आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे सगळं एका माणसाच्या रात्रीच्या दोन तासांवर उभं होतं. सर रिटायर झाले, त्यांची जागा संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, अडकली, पटसंख्या कमी झालीये म्हणून भरायला परवानगी मिळेना, त्यांचे तास आमच्यातच वाटले गेले. त्यात बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी, ऑनलाइन माहिती, आधार, युडायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरणं, रोज काहीतरी. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पाच वर्षांपेक्षा जास्त सर्व्हिस बाकी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षात टीईटी पास व्हावं लागेल, तेव्हापासून आमच्यातले सातवी-आठवीला शिकवणारे दोघं स्वतःच पुस्तकं घेऊन बसलेत. नववीच्या पोरांनी विचारलं, सर तुम्ही पण परीक्षा देणार? त्यातल्या एका सरांनी पोरांनाच सांगितलं की बालमानसशास्त्राचे प्रश्न मला विचारा, आणि पोरं विचारतात, बुधवारी तास संपल्यावर पाच-दहा मिनिटं. मला हे फार आवडलं.

पोरं शिकवतात ते चालूच आहे, त्यात अडचण नाही, मुख्याध्यापकांनी आता बुधवार-शनिवार टाइमटेबलमधेच छापून टाकलंय. अडतं ते टाचण वाचण्याशी. आम्ही तिघींनी वह्या वाटून घेतल्या, पण लाल पेनाने शेरा लिहिणं सोपं, प्रश्न लिहिणं अवघड, त्यासाठी त्या पाचवीच्या पोराचा चेहरा डोळ्यासमोर यावा लागतो. दिवाळीपर्यंत आमच्या वह्यांमधे 'छान', 'अजून प्रयत्न कर' असलंच जास्त होतं आणि पोरांनी ते तोंडावर सांगितलं, मॅडम, अप्पासर विचारायचे तसं विचारा ना. मग आम्ही वह्या कमी केल्या, दर आठवड्याला सगळ्यांच्या न घेता आलटून पालटून चार-पाचच घेतो, पण त्या नीट वाचतो, आणि शनिवारी सगळे मिळून त्यातली एक वही मोठ्याने वाचतो आणि प्रश्न पोरांनीच काढायचा. काही वेळा पोरांचा प्रश्न आमच्यापेक्षा बरा असतो.

फळ्यावरचा हिशोब आता मी सांगते. ह्या वर्षी त्यात एक वाट वाढलीये, बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित बी.एड., आयटेप म्हणतात तो, २०२३-२४ पासून काही निवडक संस्थांमधे सुरू झालाय आणि धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत तीच किमान पात्रता व्हायचीये. आत्ताची नववी २०३० च्या आसपास ह्याच रस्त्यावर असेल म्हणून ते सांगावंच लागतं. त्याची प्रवेश परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, तिला एनसीईटी म्हणतात, फॉर्म ऑनलाइन, आणि जवळचं सेंटर कुठलं मिळेल ते आधी बघून ठेवायचं, हे पोरांच्या वहीत लिहून दिलंय. ह्या वर्षी नववीतून शिकवायला बसलेल्यांपैकी निम्म्या मुली पाड्यावरच्या आहेत, आणि पावरी शब्दांची ती जुनी वही झेरॉक्स करून प्रत्येकीला दिलीये, त्यात मागे कोरी पानं जोडून.